प्रसंगावधानाचं कौतुक पुरे

‘चालकाच्या प्रसंगावधानामुळे मोठा अनर्थ टळला.’ मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. घाटात एसटीचे ब्रेक निकामी होतात, चालक गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवतो, प्रवासी वाचतात. चालकाचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं, फोटो छापून येतो. तो सत्कार त्याला मिळायलाच हवा. पण ब्रेक का गेले, ही गाडी सकाळी डेपोतून बाहेर पडलीच कशी, हे प्रश्न त्याच शालीखाली झाकले जातात.

विमान शेतात उतरलं की हेच वाक्य ‘चालक’ काढून ‘वैमानिक’ घालून छापलं जातं. वाचलं तर प्रसंगावधान, नाही वाचलं तर मानवी चूक. दोन्ही वेळा गोष्ट एका माणसाच्या शेवटच्या एका मिनिटाची होते. माझा या मांडणीलाच आक्षेप आहे. विमानतळाबाहेर उतरायची वेळ येते तेव्हा वैमानिक तरणार की नाही, हे बहुतेक वेळा शेवटच्या मिनिटाच्या बरंच आधी ठरलेलं असतं. कुठल्या उंचीवर ‘आता घरी पोचत नाही’ हे त्याने मान्य केलं, आणि ते मान्य केल्यावर खाली त्याचं काय होणार होतं, यावर ते ठरतं. प्रसंगावधानाचं कौतुक करत राहून आपण नेमकी हीच गोष्ट शिकायचं टाळतो.

मी वैमानिक नाही. सॉफ्टवेअर लिहितो. रात्री-अपरात्री बंद पडलेल्या सिस्टिम उभ्या करायच्या आणि मग त्या का पडल्या याचा अहवाल लिहायचा, हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्या सवयीने विमान अपघातांचे चौकशी अहवालही वाचत आलो. आणि मी पाथर्डीचा आहे, त्यामुळे शेत जवळून कसं दिसतं हे मला ठाऊक आहे. या लेखापुरती माझी पात्रता एवढीच.

शेतात उतरण्याबद्दल सर्वांत जास्त विचार ज्यांनी केला ते लोक म्हणजे ग्लायडर उडवणारे. ग्लायडरला इंजिन नसतं. विंचच्या दोराने किंवा दुसऱ्या विमानामागे बांधून त्याला वर नेतात आणि सोडून देतात. तिथून पुढे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधायची, तिच्यात गिरक्या घेत उंची मिळवायची आणि ती उंची खर्च करत पुढच्या चढत्या हवेपर्यंत जायचं. घारी जे करतात तेच. अशा रीतीने शेकडो किलोमीटर जाता येतं. पण एखाद्या दिवशी पुढची चढती हवा सापडतच नाही. तेव्हा शेत निवडायचं आणि उतरायचं. लांब पल्ल्याच्या ग्लायडिंगमध्ये हा अपघात समजला जात नाही. तो उड्डाणाचा एक साधा शेवट असतो. वैमानिक फोन करतो, मित्र गाडीला ट्रेलर लावून येतात, पंख सुटे करून ग्लायडर त्यात भरतात, वाटेत कुठेतरी जेवतात आणि घरी जातात.

हे इतकं साधं राहतं, कारण निर्णय कधी घ्यायचा ते आधीच ठरलेलं असतं. देशोदेशी आणि क्लबाक्लबांत आकडे थोडे बदलतात, पण साधारण शिकवण अशी: जमिनीपासून दोन हजार फुटांवर आलात की उतरण्याजोग्या शेतांच्या टापूत असलंच पाहिजे. दीड हजारावर एक शेत नक्की करायचं. हजाराच्या आसपास चढत्या हवेचा शोध थांबवायचा आणि धावपट्टीवर उतरताना जसा रीतसर फेरा घेतात तसाच त्या शेताभोवती घ्यायचा. त्यानंतर शेजारचं शेत जास्त हिरवं दिसलं तरी बदलायचं नाही. आठशे फुटांवर घार गिरक्या घेताना दिसली तरी तिच्याकडे जायचं नाही. या नियमात शौर्याला जागा नाही, आणि म्हणूनच तो चांगला नियम आहे.

याची गरज का, ते आकड्यांत पाहू. एक ग्लायडर घ्या, जो शांत हवेत एक किलोमीटर उंची खर्चून तीस किलोमीटर जातो. वेग ताशी ९० किलोमीटर. म्हणजे तो ताशी ३ किलोमीटर दराने खाली येतो आणि ते एक किलोमीटर त्याला वीस मिनिटं पुरतं. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला की जमिनीवरचा वेग ६० होतो आणि तीसचे वीस किलोमीटर होतात. आता हवाच सेकंदाला दोन मीटरने खाली जाते आहे असं धरा. उन्हाळ्यातल्या दुपारी चढत्या हवेच्या शेजारी हे नेहमीचं असतं. खाली येण्याचा दर ताशी १०.२ किलोमीटर होतो. तीच एक किलोमीटर उंची सहा मिनिटांत संपते, अंतर कापलं जातं सुमारे सहा किलोमीटर. ग्लायडर तोच, वैमानिक तोच, उंची तीच. पल्ला तीसवरून सहावर. सगळी वाट अशा उतरत्या हवेतून जात नाही हे खरं. पण किती जाईल हे आधी कळत नाही, आणि त्या न कळण्यातच माणसं मरतात.

आजकाल कॉकपिटमध्ये संगणक असतो. घरी किती उंची शिल्लक ठेवून पोचाल ते तो दाखवतो: अधिक पन्नास मीटर, अधिक वीस मीटर. माझ्या धंद्यातल्या माणसाला अशा आकड्याची धास्ती वाटायला हवी. अधिक वीस म्हणजे नेमके वीस की वीसच्या मागे-पुढे तीनशे, हे त्या पडद्यावर लिहिलेलं नसतं. अधिक चिन्ह पाहिलं की मन म्हणतं, पोचतोय. मग शेतं मागे पडतात, पुढे गाव, तारा, ओढा येतो आणि आकडा हळूच उणे होतो. काही ग्लायडरना छोटं इंजिन असतं. तिथेही हीच गत. इंजिन आहे या भरवशावर माणूस शेताविना टापूत शिरतो, खूप खाली आल्यावर ते सुरू करायला जातो आणि ते सुरू होत नाही. म्हणून जाणते प्रशिक्षक सांगतात, इंजिन सुरू होणार नाही असं धरूनच आधी शेत निवडा. सुरक्षेसाठी आणलेल्या यंत्राने निर्णय पुढे ढकलायला निमित्त दिलं, तर सुरक्षा वाढत नाही, उलट कमी होते.

‘अहो, पण शेतच शेत आहे चहूकडे, कुठेही उतरता येईल,’ असं विमानाच्या खिडकीतून खाली पाहणाऱ्याला वाटतं. त्याने माझ्या तालुक्यावरून उडून दाखवावं.

पाथर्डीला जवळची म्हणावी अशी धावपट्टी नाही. नगरहून येताना करंजी घाट लागतो. गर्भगिरीचे डोंगर, त्यात मढी, वृद्धेश्वर, मोहटादेवी. जिथून उडालो तिथे शून्यावर लावलेला उंचीमापक या पठाराला ओळखत नाही. तो दोन हजार दाखवत असेल तेव्हा पायाखालची जमीन कितीतरी जवळ असू शकते. वारा डोंगर ओलांडतो तेव्हा आडोशाच्या बाजूला तो खाली कोसळतो. वरच्या हिशोबातली उतरती हवा ती हीच. रस्त्यावर उतरू म्हणाल, तर कल्याणहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथर्डीतून जातो, आणि त्यावर मोटारसायकल नीट चालवून दाखवणं हीच वर्षानुवर्षं कसोटी होती. शिवाय रस्त्याच्या कडेला खांब, झाडं आणि समोरून ट्रक.

राहिली शेतं. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुततं आणि यंत्र नाकावर उलटं होऊ शकतं. भादव्यात बाजरी उभी, पुढे कापूस आणि तूर. हिवाळ्यात रब्बीची ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. वरून ती सपाट हिरवळीसारखी दिसते. तिचे शेंडे म्हणजेच जमीन समजून कुणी टेकायला गेला, की एक पंख ताटांत अडकतो आणि अख्खं यंत्र त्या पंखाभोवती गरकन फिरतं. त्यात शेपूट मोडते, कधी मणका. कांद्याचे वाफे आडवे लागले तर चाक प्रत्येक वरंब्यावर आपटतं. माळावर पीक नाही, पण दगड आहेत. त्यातल्या त्यात चांगलं रान म्हणजे फाल्गुन-चैत्रात हरभरा किंवा गहू निघालेलं आणि अजून न नांगरलेलं. तेही तासाच्या दिशेने उतरलं तर. मग नांगरट होते, डोक्याएवढी ढेकळं वर येतात. आणि हवा सर्वांत जोरात वर चढते, म्हणजे ग्लायडरला लांब जावंसं वाटतं, ते नेमके हेच दिवस.

पिकांपलीकडचं निराळंच. उतारावरच्या ताली आणि बांध वरून दिसत नाहीत, कारण हजार फुटांवरून उतार चपटा दिसतो. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर प्लास्टिक अंथरलेली तळी ठिकठिकाणी झाली. ती निदान चमकतात. कठडा नसलेली विहीर चमकत नाही. तारा तर कधीच दिसत नाहीत. म्हणून ग्लायडरवाले तारा शोधत नाहीत, खांब शोधतात, आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरतात. आमच्याकडे तेवढ्याने भागत नाही. विहिरीवरच्या मोटारीला बाभळीच्या आणि लाकडी मेढीच्या आधाराने नेलेली वायर कुठल्या खांबांच्या रांगेत बसते? आकडा टाकून नेलेल्या लाइनीचा नकाशा महावितरणकडेही नाही.

हे सगळं पाहायला, तोलायला, नाकारायला आणि दुसरं शेत शोधायला वेळ लागतो. तो वेळ उंचीतून विकत घ्यावा लागतो. पाचशे फुटांवर विचार सुरू करणाऱ्या वैमानिकाकडे, तो कितीही हुशार असला तरी, हा माल विकत घ्यायला पैसेच उरलेले नसतात. मग वाऱ्याची दिशाही तपासायची राहून जाते. हवेतला वेग ताशी ८० असताना वीसच्या वाऱ्याला तोंड देऊन टेकलात तर जमिनीवरचा वेग ६०. वारा पाठीशी घेऊन टेकलात तर १००. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. एवढा फरक एका न पाहिलेल्या धुराच्या रेषेमुळे पडू शकतो. तिथे प्रसंगावधान काय करणार?

प्रसंगावधानाचे भक्त इथे दोन मोठी उदाहरणं देतात. पहिलं, २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ एक्केचाळीस हजार फुटांवर असताना त्यातलं इंधन संपलं. कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते. त्यांनी ते अवाढव्य विमान तिरकं करून उंची घटवली, जसं ग्लायडरमध्ये करतात, आणि गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. तिथली धावपट्टी आता मोटारींच्या शर्यतीसाठी वापरली जात होती. विमानातले सगळे ६९ जण वाचले. कौशल्य असामान्यच. पण इंधन संपलं कशामुळे? विमान मेट्रिक पद्धतीचं होतं, इंधनमापक बंद होता, आणि लिटरचं वजन काढताना किलोग्रॅमऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला. हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं. मी इंजिनिअर आहे, मला या गोष्टीचा नायक वैमानिक वाटत नाही. मला तो गुणक दिसत राहतो, आणि तो ज्यांच्या-ज्यांच्या हातांखालून गेला ते सगळे हात.

दुसरं, १५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कवर पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेली आणि कॅप्टन सलनबर्गर यांनी एअरबस हडसन नदीत उतरवली. १५५ जण वाचले. पुढे तपासात सिम्युलेटरवर प्रयोग झाले. पक्षी धडकताच त्या क्षणी लागार्डियाकडे वळलेल्या काही प्रयत्नांत विमान धावपट्टीवर पोचलं. काय झालंय हे माणसाला समजायला लागणारी ३५ सेकंदं धरल्यावर पोचलं नाही. मला या घटनेतलं नदीत उतरणं तितकंसं मोठं वाटत नाही. मोठं हे, की धावपट्टी डोळ्यांसमोर असताना ‘पोचत नाही’ असं म्हणून त्यांनी तिचा नाद सोडला. उतरण्याआधी त्यांनी घर सोडलं. सलनबर्गरही ग्लायडर उडवलेले वैमानिक, हा योगायोग असेल. पण ग्लायडरमध्ये प्रत्येक उड्डाणात जे करावं लागतं ते नेमकं हेच.

आता आपल्याकडे या. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून उडालेलं छोटं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. एकटी उडणारी तरुण प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरातच एका प्रशिक्षण संस्थेची दोन विमानं चार दिवसांत खाली आली, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. ही मुलं-मुली व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उडतात. त्यात इंजिन बंद पडल्याचा सराव असतो. पण तो इंजिन मंद करून करायचा आणि थोडं खाली येऊन पुन्हा वर जायचं. परतीचा दोर तोडलेला नसतो. ग्लायडरमध्ये प्रत्येक उतरणं इंजिनाविना, एकाच संधीचं. तरीही परवान्यासाठी ग्लायडरचा एक तासही सक्तीचा नाही.

आणि यासाठी लागणारी जागा आपल्याकडे आहे. पुण्यात हडपसरला याच महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर आहे. १९६१ साली ‘रोहिणी’ नावाचं दोन आसनी ग्लायडर याच देशात आखून उडवलं गेलं. एकेकाळी आपण हे गंभीरपणे करत होतो. आज हडपसरच्या मैदानाला शहराने वेढलंय आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरेत ते एकरांतच मोजलं जातं. चारी बाजूंनी इमारती असलेल्या मैदानावरून उडणारा माणूस मैदान सोडून लांब जाणारच नाही, आणि गेला नाही तर शेत निवडायलाही शिकणार नाही.

यावर आक्षेप येतात. पहिला: ज्या तालुक्यातली माणसं सहा महिने ऊसतोडीला जातात तिथल्या मुलाने ग्लायडरची चिंता करावी, ही श्रीमंती हौस नाही का? हौस श्रीमंतांची असेल, पण विमान पडणार ते गरिबाच्या शेतात. एका हंगामाची ज्वारी, वर बघ्यांची गर्दी आणि तिच्या पायाखाली गेलेलं उरलेलं पीक. विमान शेतात उतरलं तर शेतकऱ्याने कुणाला कळवायचं, गर्दी किती लांब ठेवायची, सांडलेल्या इंधनाजवळ बिडी का पेटवायची नाही, नुकसानभरपाई कुणी द्यायची, हे त्याला कुणी सांगितलंय? ग्रामसभेत दहा मिनिटांत सांगण्याजोगी गोष्ट आहे ही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उंचीचे नियम असे कोरडे लादले तर निर्णयशक्ती मरते, अनुभवी माणसाला मोकळीक हवी. हा युक्तिवाद माझ्या ऑफिसातही ऐकू येतो. रात्री दोनला सिस्टिम बंद असते आणि सगळ्यात हुशार इंजिनिअर म्हणतो, ‘अजून दहा मिनिटं द्या, सापडतंय.’ दहाची चाळीस होतात. म्हणून आम्ही संध्याकाळीच ठरवून ठेवतो, अमुक मिनिटांत सुटलं नाही तर जुनी आवृत्ती परत आणायची, वाद नाही. हा हुशारीचा अपमान नसतो. दमलेला, घाबरलेला, घरी जायची घाई झालेला मीच उद्या तिथे बसणार आहे, आणि त्याच्यासाठी शांत डोक्याच्या मी आज निर्णय घेऊन ठेवलाय. अनुभवी वैमानिकाला मोकळीक जरूर द्या. दोन हजार फुटांच्या वर.

खरी अडचण नियम माहीत नसण्याची नाहीच. अडचण लाजेची आहे. ज्या क्लबात शेतात उतरलेल्याची टिंगल होते तिथे माणूस शेवटचं चांगलं शेत सोडून पुढे रेटतो. जिथे त्याला आणायला मित्र हसत जातात तिथे तो वेळेत उतरतो. ग्लायडिंगच्या स्पर्धांत लोक शेवटची रेषा गाठण्यासाठी धोकादायकरीत्या खाली येत. तेव्हा नुसती भाषणं पुरली नाहीत. रेषा ओलांडताना किमान उंची हवी, नाहीतर गुण कापले जातील, असे नियम आले. रेटण्यातला फायदा काढून घेतला की रेटणं कमी होतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. उड्डाण प्रशिक्षणाची सुरुवात ग्लायडरवर करा. निदान काही तास सक्तीचे करा. हडपसर राखा, आणि शहरापासून लांब, मोकळ्या रानांच्या प्रदेशात आणखी एक-दोन मैदानं उभारा. वेळेत, नीट, ठरल्या उंचीवर निर्णय घेऊन शेतात उतरलेल्या शिकाऊ वैमानिकाला गुन्हेगारासारखं उभं करू नका, त्याच्याकडून शिका. आणि रेटून धावपट्टी गाठलेल्याला, तो सुखरूप असला तरी, विचारा: कुठलं शेवटचं शेत सोडून आलास? ते सोडताना उंची किती होती?

बातमीदारांनाही हेच विचारता येईल. पुढच्या वेळी एखादं विमान कुणाच्या रानात अलगद उतरलं, वैमानिक चालत बाहेर आला आणि शेतकऱ्याच्या बांधावर बसून पाणी प्यायला, तर मथळ्यात त्याचं प्रसंगावधान नको. त्याने किती आधी ठरवलं ते लिहा. फुटांत लिहा.